तिकिटाला पाणी लावण्याआधी : वाचकांचे प्रश्न

स्वतंत्र भारताच्या पहिल्या टपाल तिकिटांविषयी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले काही इथे एकत्र घेतले आहेत.

तिरंग्याच्या तिकिटावर १५ ऑगस्ट १९४७ छापलंय. त्याच दिवशी निघालं ना? (आर्वी)
नाही, ते साडेतीन आण्यांचं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्यांचं १५ डिसेंबरला आलं.

पत्रावर डिसेंबर १९४७ चा शिक्का, पण तिकीट इंग्रज राजाचं. बनावट आहे का? (मूर्तिजापूर)
तेवढ्यावरून नाही. सहाव्या जॉर्जची तिकिटं स्वातंत्र्यानंतरही चालत होती.

संदुकीत आजोबांची पत्रं सापडली. तिकिटं भिजवून काढू का? (पुसद)
अजिबात नको, कात्रीही लावू नका! सुटं तिकीट हजारोंकडे असतं. पत्रासकट असलं तर ते कुठून, कोणत्या तारखेला, किती दराने गेलं हे कळतं. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या लहान डाकघराचा स्वच्छ शिक्का तिकिटापेक्षा मोलाचा ठरू शकतो, आणि भिजवताना नेमकी त्याचीच शाई फुटते. टाचण्या हळूच काढा, गंज कागद खातो. सेलोटेप ओढू नका. ओलसर पत्रं सावलीत सुटी पसरा, उन्हात नाही. मग आम्लविरहित (ॲसिड-फ्री) कागदाच्या पाकिटांत उभी ठेवा; बाजारातली पीव्हीसी प्लास्टिकची फाईल शाई ओढून घेते. हे पावसाळ्याआधीच करा, ‘दिवाळीत बघू’ म्हणाल तर बुरशी लागलेली असेल. काही विकण्याआधी सगळा गठ्ठा जाणत्या संग्राहकाला दाखवा.

गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाला व्हॉट्सॲपवर एकजण लाखो देतोय, आधी ‘नोंदणी फी’ मागतो. (काटोल)
एक रुपयाही देऊ नका. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून फी घेत नाही. १५ ऑगस्ट १९४८ चं हे तिकीट स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापायच्या पद्धतीने छापलं गेलं. दहापट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली, तर ती ऑफसेटची, म्हणजे आजच्या नेहमीच्या छपाईची नक्कल समजा. कडेची भोकं दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भरायला हवीत. दोन्ही जमलं तरी तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय सौदा करू नका.

लॅमिनेशन केलं तर टिकेल ना? (चिमूर)
नाही, कायमचं वाया जाईल.

कोरी तिकिटं पावसाळ्यात एकमेकांना चिकटली. (ब्रह्मपुरी)
ओढू नका, वाफही देऊ नका, डिंक जातो. तशीच कोरड्या कागदात गुंडाळा आणि अनुभवी माणसाकडे न्या.