एआय असिस्टंटने लिहिलेल्या कोडच्या सगळ्या टेस्ट पास होतात, तरी ग्राहकाकडे तारीख चुकते. त्याच्याकडून काम करून घ्यायची नीट पद्धत कोणती?

तुम्ही घणसोलीच्या ऑफिसात सोसायटी मेंटेनन्सचं ॲप बनवताय, कोड आणि टेस्ट दोन्ही असिस्टंट लिहितो, आणि ठाण्यातल्या सोसायटीला १ एप्रिलची पावती ३१ मार्चची दिसते. वर्णनावरून खोट कुठे आहे ते कळतंय.

जावास्क्रिप्टमध्ये न्यू डेट(२०२५, ३, १) म्हणजे १ एप्रिल (महिने शून्यापासून मोजतात), मशीनच्या स्थानिक वेळेनुसार रात्रीचे बारा. त्यावर टूआयएसओस्ट्रिंग (तारखेचा मजकूर करून देणारं फंक्शन) लावलं की वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून हाती येते ३१ मार्च, १८:३०. पहिली १० अक्षरं कापली की पावती थेट मागच्या आर्थिक वर्षात! टेस्टचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो. तिथे फरकच नाही, म्हणून सगळं हिरवं, म्हणजे पास. कोडचा हा तुकडा सर्रास वापरला जातो, त्यामुळे असिस्टंटही तोच पुढे करतो. नुसती तारीख हवी असेल तर ती ‘२०२५-०४-०१’ अशी स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणूनच साठवा, वेळ चिकटवूच नका.

खरी चूक मात्र टेस्ट असिस्टंटवर सोडण्यात आहे. स्वतःच्या कोडवरून टेस्ट लिहिली की कोड जे करतो तेच ती बरोबर धरते. अपेक्षित उत्तर तुमच्याकडून यायला हवं. कोड मागण्याआधी तीन-चार उदाहरणं स्वतः लिहा: १ एप्रिल, ३१ मार्च, २९ फेब्रुवारी. त्यांची टेस्ट आधी लाल (नापास) झालेली डोळ्यांनी बघा, मगच ‘ही पास कर, टेस्ट फाइलला हात लावू नकोस’ असं सांगा. टीझेड (मशीनच्या टाइमझोनची सेटिंग) एकदा यूटीसी आणि एकदा एशिया/कोलकाता ठेवून दोन्हीकडे चालवा.

दर वेळी आधी कमिट (चालू कोडची गिटमध्ये नोंद), मग एकच छोटं काम. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) एका बैठकीत वाचून होत नसेल तर काम मोठं दिलंय. दोनदा सांगूनही तीच चूक आली तर वाद घालत बसू नका, कारण चुकीचे प्रयत्न संवादात साठतात आणि तो त्यांच्याच आधाराने पुढचं लिहितो. गिट रिस्टोर करून मागच्या कमिटवर या, नवं सेशन उघडा आणि काय चुकलं ते पहिल्याच सूचनेत लिहा.

त्याने सुचवलेलं पॅकेज इन्स्टॉल करण्याआधी एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) शोधून बघा. नसलेली नावंही तो ठामपणे देतो, आणि अशा नावांनी कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलेलं असू शकतं.