हाँगकाँगच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण आलंय? आधी आहेराचं बघ

आपल्याकडे 501, 1001 असा वर एक ठेवल्याशिवाय पाकीट शुभ वाटत नाही. हाँगकाँगमध्ये नेमकी हीच सवय मोडावी लागते. तिथे विषम रक्कम, त्यातही वरचा एक, अंत्यविधीच्या पांढऱ्या पाकिटात देतात. मीही पहिल्या वेळी एक डॉलर घालणारच होतो. शेजारच्या काकूंनी वेळीच थांबवलं. लग्नाच्या लाल पाकिटात, म्हणजे लाय-सीत, सम रक्कम ठेव. 4 मात्र टाळ, तिथल्या कँटोनीज भाषेत त्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाच्या अगदी जवळचा. 8 उत्तम. किती द्यायचं ते हॉटेलवर अवलंबून असतं, ऑफिसातल्यांना विचार. घड्याळ तर अजिबात देऊ नकोस.

सकाळच्या चहाच्या विधीला बोलावलं तर नक्की जा, मला तोच सगळ्यात आवडतो. सोन्या-चांदीच्या जरीत ड्रॅगन आणि फिनिक्स भरलेला लाल क्वा, म्हणजे लग्नाचा पारंपरिक पोशाख, घालून वधू येते. जोडपं गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना चहा देतं, मग त्या सुनेच्या हातात सोन्याच्या बांगड्या चढतात. संध्याकाळी तीच मुलगी पांढऱ्या गाउनमध्ये दिसेल. नोंदणीची सही वेगळीच. 7 ऑक्टोबर 1971 पासून नुसत्या रूढीने लावलेलं लग्न तिथला कायदा मानत नाही.

पत्रिकेत स्वागताची आणि जेवणाची वेळ वेगळी असते. मधल्या वेळात माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ रंगतो, घाबरू नकोस, बाजूला बसून बघ. शाकाहारी असशील तर आधीच कळव, सुरुवातीलाच भाजलेलं डुकराचं पिल्लू येतं.