आधी पान उलटून पाहा

प्रश्न : कुंड्यांत मिरची आणि वांगी लावली आहेत. मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर बारीक हिरवे किडे दाटीने बसलेत, पानं चिकट झालीत आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असते. मुंग्यांसाठी पावडर टाकली, मग कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी फवारलं. किडे थोडे कमी झाले, पण पानांच्या कडा करपल्या. आता काळ्या, काटेरी अळ्याही फिरताना दिसतात. सगळं उपटून टाकू का?

उत्तर : उपटू नका. त्या काळ्या अळ्यांना तर हातच लावू नका. अंगावर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखा आकार, आणि किड्यांच्या दाटीतच ये-जा, असं असेल तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं. तुमच्या मिरचीवरचे ते बारीक हिरवे किडे, म्हणजे मावा, खायला आलीत ती. पहिल्या वर्षी मी ती चिमट्याने वेचून मारली होती, तीही मोठ्या अभिमानाने! नंतर आठवडाभरात शेंडे माव्याने भरून गेले, तेव्हा कळलं की मारले ते आपलेच शिपाई. वांग्यावर मात्र जरा डोळे उघडे ठेवा. ढालकिड्याचाच एक भाऊबंद पक्का शाकाहारी आहे. त्याच्या अळ्या पिवळट, काटेरी असतात आणि पान खरवडून त्याची जाळी करतात. त्या खुशाल वेचा.

आता मुंग्या. त्या झाड खायला आलेल्या नाहीत. मावा रस शोषतो आणि गोड, चिकट स्राव टाकतो. मुंग्या त्याच्या मागे असतात. त्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा थर द्या. झाडाचं एखादं पान भिंतीला टेकलेलं असेल तर मुंग्यांना आयता पूल मिळतो, तेही बघा. खायच्या झाडाच्या कुंडीत मुंग्यांची पावडर? पुन्हा नको.

माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते आणि ते पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. त्यामुळे एकदा फवारून भागत नाही. तीन-चार दिवस रोज सकाळी शेंडा हातात धरून पानांच्या मागून साध्या पाण्याची धार सोडा, उरलेले बोटांनी चिरडा. किळस येते, पण सवय होते. तरीही हटले नाहीत तर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब नीट घुसळून फवारा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस वाट पाहा. फवारणी संध्याकाळीच करा. उन्हात पानं भाजतात आणि औषधाचा जोरही लवकर ओसरतो. आठवड्याने पुन्हा एकदा. निंबाने किडे पटापट पडत नाहीत, धीर धरावा लागतो.

एक विचारायचं राहिलं : युरिया घातला होता का? जास्त नत्राने लुसलुशीत झालेले शेंडे म्हणजे माव्याला मेजवानीच.

प्रश्न : दुधीला फळं धरतात, बोटभर होतात आणि पिवळी पडून गळतात. फळमाशी असेल का?

उत्तर : गळलेलं फळ उभं चिरा. आत पांढऱ्या अळ्या असतील, सालीवर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब असेल, तर फळमाशी. मग पुढची फळं लहान असतानाच, फूल वाळलं की कागदी पिशवीत बांधा. गळलेली फळं झाडाखाली पडू देऊ नका, अळ्या मातीत शिरून कोष करतात. अळी नसेल, तर बहुतेक परागीभवनच झालेलं नसतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलात हलकेच फिरवा. इवलासा दुधी ज्याच्या मागे लागलेला असतो ते मादी फूल.

प्रश्न : भेंडीच्या एका झाडाच्या पानांच्या सगळ्या शिरा पिवळ्याधमक झाल्यात. कोणतं खत देऊ?

उत्तर : खत नको. हा केवडा रोग. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्याला औषध नाही. हे झाड मात्र आजच उपटा, आणि बाकीच्या भेंडीची पानं उलटून पाहा. पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या, तर पिवळे चिकट सापळे लावायला घ्या.