सैतान आवडला, म्हणून पुस्तक मिटायचं का?

प्रश्न : मी इंग्रज कवी मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य वाचते आहे. त्यातला सैतान मला देवापेक्षा जिवंत वाटतो, त्याची भाषणं तर पाठच झाली आहेत. ख्रिस्ती विश्वासी व्यक्तीने असं वाचावं का? आणि ‘इलियड’ लिहिणाऱ्या होमरसारख्या प्राचीन ग्रीक, मूर्तिपूजक कवींचं काय?

उत्तर : ताई, थांबू नका, पुढे वाचा. पहिल्या दोन सर्गांत सैतानाचा रुबाब आहेच. मिल्टन नकळत सैतानाच्या पक्षाचा होता, असं कवी विल्यम ब्लेक म्हणाला; मला ते पटत नाही. 1674च्या बारा सर्गांच्या आवृत्तीत चौथा सर्ग काढा. तिथे एकटा असताना सैतान कबूल करतो, की नरक म्हणजे तो स्वतःच. तेही भाषण पाठ करा! पुढे हा वीर झोपलेल्या हव्वेच्या कानाशी बेडकासारखा दबा धरून बसतो. दहाव्या सर्गात विजयाचं भाषण ठोकून टाळ्यांची वाट बघतो, तर चहूकडून नुसते फूत्कार.

होमरचं म्हणाल, तर प्रेषित पौलाने अथेनैत (अथेन्समध्ये) अरेटस या मूर्तिपूजक कवीचीच ओळ वापरली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17). मला खटकतं ते वेगळंच : काही भाविक वाचक दिसेल त्या नायकात ओढूनताणून ख्रिस्त शोधतात. ‘इलियड’च्या शेवटच्या सर्गात म्हातारा प्रियाम आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसच्या हातांचं चुंबन घेतो. तो प्रसंग आधी होमरचा म्हणून वाचा, शुभवर्तमान नंतर उघडा. गद्य भाषांतर मिळालं तरी चालेल.