कॅम्परव्हॅनची सौर वीज: पॅनल नंतर, आधी वायर बघा

गाडीला सौर वीज करायची म्हटलं की लोक टेप घेऊन छतावर चढतात. पत्रांत पहिला प्रश्न पॅनलचा, दुसरा बॅटरीचा. वायर आणि फ्यूज शेवटच्या ओळीत, तेही आठवले तर. गोंधळ मात्र तिथेच असतो. म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे. बारा व्होल्टचा फ्रिज, पंखा, दिवे आणि लॅपटॉप चालवायचा आहे. ४०० वॅटचं पॅनल पुरेल का? (नाशिक)

दिवसाचे वॅट-तास मोजा. ५० वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज सलग चालत नाही. निम्मा वेळ धरला तर ६०० वॅट-तास. बीएलडीसी पंखा २८ वॅटचा, दहा तासांचे २८०. लॅपटॉपचे २४०, दिवे आणि मोबाइलचे १००. झाले सव्वाबाराशेच्या आसपास. आपल्याकडे निरभ्र दिवशी साधारण पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते, म्हणजे कागदावर २,०००. पॅनल आडवं, पत्रा तापलेला, वर धूळ; हे सगळं वजा जाता हाती १,४०० येतील. पुरेल, पण गाडी उन्हात उभी असेल तरच. आंब्याखाली लावली आणि एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घसरते. जुलैत कोकणात हा हिशेब धरूच नका. तेव्हा इंजिन चालू असताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर हवा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका, अल्टरनेटर जळू शकतो. गाडी बीएस-६ असेल तर कोणता चार्जर चालेल ते सर्व्हिस सेंटरला विचारून मगच घ्या.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान गाडीला मिळेल का? (लातूर)

नाही. ते घराच्या छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. ती गाडीत लावली तर खर्च वाचेल ना? (सांगली)

लावू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि तुम्ही त्याच बंद केबिनमध्ये झोपणार. घाटातल्या वळणांवर अ‍ॅसिड सांडतं ते वेगळंच. कागदावर १,८०० वॅट-तास असले तरी बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरायचे, आणि वजन पन्नास किलोंच्या वर. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची असते आणि हजारभर वॅट-तास देते. फक्त स्वस्त मिळते म्हणून बिनानावाची उचलू नका. जुने सेल नव्या डब्यात भरून विकणारे आहेत. दुकानातच डिस्चार्ज टेस्ट (भरलेली बॅटरी रिकामी करून ती किती वीज देते ते मोजणं) करून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा.

२,००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर आहे. वायर १६ चौरस मिमीची, मध्ये घरगुती एमसीबी. इंडक्शन लावलं की तीन आठवड्यांपासून जळका वास येतो. फिटर म्हणतो, बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) आहे, फ्यूज कशाला? (पुणे)

तीन आठवडे! हे वाचताक्षणी इंडक्शन बंद करा आणि इन्व्हर्टरची वायर बॅटरीवरून काढा.

२,००० भागिले १२ म्हणजे १६७ अँपिअर. इन्व्हर्टरमधली घट धरली तर १८५ च्या घरात. एवढा करंट १६ च्या वायरीतून न्यायचा म्हणजे तिला शेगडी करायचं. अशा इन्व्हर्टरला अंतर कमी असलं तरी बहुधा ७० चौरस मिमीची तांब्याची वायर लागते. नेमका आकडा इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत असतो, तो फिटरसमोर उघडून वाचा.

आता एमसीबी. घरची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगीचा जाळ तसाच ताणत राहतो आणि एमसीबीच वितळतो. बीएमएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. त्यातले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) बिघडताना अनेकदा शॉर्ट होऊन बिघडतात, म्हणजे ऐन वेळी स्विच चालूच राहतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. तो करंट तोडायला क्लास-टी फ्यूज हवा, तोही बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरला वाचवायला असतो, म्हणून तो वायर झेपेल त्याहून मोठा कधीच घ्यायचा नाही. आणि वायर पातळच ठेवून नुसता फ्यूज लावलात तर तो रोज उडेल.

वास येतो ती जागा बहुतेक लगची, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाची असेल. बॅटरी सोडवल्यावर लगच्या गळ्याशी बघा: इन्सुलेशन तपकिरी पडलंय का, वायर हलवली की आत फिरते का? हातोडीने ठोकलेले लग घाटरस्त्यांवर ढिले होतात, ढिला लग तापतो, आणि मागे प्लायवूड असतं. लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्यायचे. हे सगळं परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घ्या, त्याच फिटरकडून नको.

रात्रभर एक टनाचा एसी चालेल का? (नागपूर)

नाही. एका रात्रीत पाच-सहा युनिट जातील. तेवढी बॅटरी भरायला लागतील तेवढी पॅनल तुमच्या छतावर मावणार नाहीत.

ऑक्टोबरात स्पितीला निघतोय. ५४० वॅटची दोन पॅनल सिरीजमध्ये. एकाचा ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काही जोडलेलं नसतानाचा) ४९.५, दोन्ही मिळून ९९. दुकानदार म्हणतो पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर १०० व्होल्टचा चालतो. (ठाणे)

चालत नाही. तो आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. पॅनल थंड झालं की व्होल्टेज चढतं. उणे पाच अंशांच्या सकाळी, पॅनलवर पहिलं ऊन पडताच, हेच ९९ साधारण १०७ होतील आणि कंट्रोलर जाईल. जास्त व्होल्टेजने जळलेल्या कंट्रोलरला वॉरंटी मिळत नाही, हे दुकानदार सांगत नाही. १५० व्होल्टचा घ्या.

शिवाय लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. सेलमध्ये लिथियमचा थर बसतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. वापरायला हरकत नाही. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, ते उत्पादकाकडून लेखी घ्या. नसेल तर बॅटरी केबिनच्या आत, उबेला ठेवा, आणि सेलचं तापमान शून्य अंशाच्या वर गेल्याशिवाय पॅनलचा स्विच चालू करू नका.

छतावर पॅनल बसवायला परवानगी लागते का? (कोल्हापूर)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांचे नियम आहेत. तुमच्या कामाला ते कसे लागू होतात हे आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. दोन्ही कामं छताला भोक पाडण्याआधी.