आरसा आधी आण

प्रिय डॉक्टर,

चोपड्याला दातांचा दवाखाना थाटलास, आनंद झाला. फोटोत खुर्ची दिसली, एक्स-रे मशीन दिसलं, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्हही दिसला. पेशंटच्या हातात द्यायचा साधा आरसा मात्र कुठे दिसला नाही. तो आधी आण.

माझी एक फजिती सांगतो. रावेरकडचे एक केळीवाले काका आले. खालची दाढ रात्रभर ठणकत होती. बसता बसताच म्हणाले, "काढी टाका." मी रूट कॅनल सुचवलं आणि समजावताना त्यांच्याच शेतातला दाखला दिला: केळीला सोंडकिडा लागला की बाहेरून खोड हिरवंगार, आतून पोखरलेलं, दाढेचं तसंच झालंय. काकांनी मान डोलावली, मी स्वतःवरच खूश. पहिल्या सिटिंगला आतली सडलेली नस काढली, तात्पुरतं सिमेंट भरलं. त्या रात्री काका शांत झोपले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत. आठ महिन्यांनी आले तेव्हा दाढ हिरडीपर्यंत तुटलेली. काढावीच लागली. विचारलं तर म्हणाले, "किडा तर तुम्ही तेव्हाच काढला ना? मग कशाला येऊ?"

चूक माझी. 'दाताला कीड' हा आपला शब्दच फसवा आहे. माझ्या लहानपणी आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून किडे पाडून दाखवणारे बसायचे. मी त्याच समजुतीला वर खतपाणी घातलं! दातात किडा नसतो. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्यात दात विरघळत जातो. हे सांगायला दाखला लागत नाही. आरसा हातात द्यायचा, काळा खड्डा दाखवायचा, शेजारी एक्स-रे धरायचा.

तेव्हापासून "समजलं का?" विचारणं मी सोडलं. त्याचं उत्तर कायम "हो"च येतं. त्याऐवजी विचारतो, "घरी गेल्यावर काय सांगाल?" कुणी म्हणतं, "सुई दिली, बरं वाटलं." मग पुन्हा पहिल्यापासून: दुखणं थांबलं कारण नस काढली, काम अजून अर्धंच आहे, कोरलेल्या दाढेच्या भिंती पातळ होतात, कॅप बसवली नाही तर भाकरीतल्या एखाद्या खड्यानेही ती चिरेल. कॅपचे पैसेही त्याच वेळी, एकूण आकडा धरून सांग. निम्मी कामं अर्धवट राहतात ती दुसरा आकडा नंतर कळतो म्हणून, असं माझं मत आहे.

विचारण्याचीही एक रीत असते. बायांना "तंबाखू खाता का?" विचारलंस तर नाहीच म्हणतील, आणि ते खोटंही नसतं, मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. "दात कशाने घासता?" असं विचार. वरची दाढ काढली की नजर जाते, असं कुणी म्हणालं तर हसू नकोस. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी, एवढंच सांग.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाशील तेव्हा भाषण करू नकोस. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. घरचे तिला दुधाची समजतात आणि किडू देतात. पोरांना जीभ लावून ती शोधायला सांग, पाच मिनिटं वर्गात नुसती मजा चालते.

मग तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांग. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण पुड्या मिळतात, आणि नुसत्या सुपारीनेही गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं. यावलजवळच्या एका शाळेत मी हेच करून घेतलं. पोरांची तीन बोटं सहज गेली, खिदळणं सुरू झालं. मागे उभ्या गुरुजींनीही तोंड फिरवून हळूच करून पाहिलं. दोनच गेली. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला ते एकटेच आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सर, सुपारी तर साधीच होती."

तुझा,
सर
भुसावळ