मे महिन्यात समृद्धीवरून नागपूर: निघण्याआधी डिकी उघडून स्टेपनी बघा

तुम्ही लिहिलंय की गाडी सहा वर्षांची, रनिंग जेमतेम ३१ हजार, रोजचं पुण्यातलं वाकड ते हिंजवडी फेज थ्री, सर्व्हिसिंग झालंय, टायरला ग्रिप आहे, आणि मे महिन्यात मुलं आणि सासूबाईंना घेऊन समृद्धी महामार्गावरून नागपूरला जायचंय तर अजून काय बघू. वाचून अंगावर काटाच आला, कारण मे २०२३ मध्ये आम्ही हुबेहूब असेच निघालो होतो. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय, खात्रीचा गॅरेजवाला वेगळं म्हणाला तर त्याचं ऐका.

कूलंट, ब्रेक, पाणी, टोपी हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

पहिलं म्हणजे रनिंगच्या आकड्यावर जाऊ नका. भूमकर चौकात पाऊण तास फर्स्ट-सेकंड करत काढला की मीटर दोन किलोमीटर दाखवतो, पण क्लच आणि रेडिएटरचा फॅन पाऊण तास राबलेला असतो. आणि टायर तर गाडी उभी असली तरी म्हातारा होतो, त्यात ऑफिसचं पार्किंग उघड्यावर असेल तर वर्षभर ऊन खातो. ग्रिप बघून काही कळत नाही. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २२१७ म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला सापडले नाहीत तर आतल्या बाजूला असतात, खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा. माझं मत विचाराल तर पाच वर्षं झालेल्या टायरवर मे महिन्यात विदर्भात जाऊ नये, निदान जाणकाराला दाखवल्याशिवाय तरी नाहीच. आमचे टायर सहा वर्षांचे होते.

मेहकर सोडून कारंज्याच्या दिशेने चाललो होतो, दुपारचा एक वाजला होता, मीच चालवत होते, मागचा डावा टायर फुटला. स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेक मारला नाही, गाडी आपोआप हळू होऊ दिली आणि कडेला घेतली. इथपर्यंत देवाच्या कृपेने कुणाला खरचटलंही नाही.

खरी चूक त्यानंतर कळली. बॅगा खाली काढल्या, स्टेपनी वर घेतली, अंगठ्याने दाबली तर आत गेली. हवाच नाही. सहा वर्षांत दर सर्व्हिसिंगला चार टायरची हवा बघितली जायची आणि पाचवा तिथेच डिकीत पडून, ना त्यांनी बघितला ना मी सांगितलं. बाजूला भेगा पडलेल्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. जॅक होता, पाना होता, वीस मिनिटांचं काम होतं, आणि आम्ही फोन करत बसलो.

इन्शुरन्सबरोबर रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत, घेतला होता, कंपनीचं नाव इथे लिहित नाही. फोनवरचा मुलगा विचारतो, जवळचा लँडमार्क सांगा. अहो, दोन्ही बाजूंना जाळी आणि शेतं, लँडमार्क कुठून आणू? पिनकोड सांगा म्हणाला. लोकेशन पाठवलं. दीड तासाने फोन आला की मेकॅनिक पोचलाय, बघते तर माणूस जाळीच्या पलीकडे गावच्या रस्त्यावर मोटरसायकलवर! समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, तो आत येणार कसा? तो बिचारा परत गेला आणि कंपनीकडून मेसेज आला की ग्राहक लोकेशनवर आढळला नाही, तक्रार बंद. पुन्हा फोन, पुन्हा पहिल्यापासून तोच लँडमार्क. सासूबाई इन्शुलिनवर, त्यांचं इन्शुलिन बर्फाच्या थर्मासमध्ये होतं आणि बर्फ वितळत आला होता, छत्री धरून आम्ही त्यांना जाळीजवळ बसवलेलं, गार्डरेलला, म्हणजे कडेच्या लोखंडी कठड्याला, हात लावला तर चटका बसत होता. आज लिहिताना पण संताप होतो. शेवटी हायवेची पेट्रोलिंगची गाडी दिसली, त्या माणसांनी आधी पाण्याचा कॅन उतरवला, मग इंटरचेंजवरून हवेचा पंप आणवला. सव्वाचार झाले होते.

म्हणून सांगते, निघायच्या आधी असिस्टन्सवाल्यांना फोन करून सरळ विचारा की समृद्धीवर आत चारचाकी घेऊन येता का, आणि उत्तर ईमेलवर मागा. रस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या छोट्या पाट्या असतात, थांबलात की आधी तो आकडा आणि नागपूरकडे जाणारी बाजू की मुंबईकडची हे सांगायचं, पेट्रोलिंगवाल्यांना तेवढं पुरतं. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा नंबर आहे, समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसीचा) रस्ता आहे, त्यामुळे आत शिरताना तिथल्या बोर्डावरच्या हेल्पलाइनचा फोटो काढून ठेवा. जीवाला धोका असेल तर थेट ११२ किंवा १०८. आणि गाडी बंद पडली की माणसं गाडीत बसवू नका, गार्डरेलच्या पलीकडे न्या, ऊन असलं तरी.

स्टेपनीत इतर चाकांपेक्षा थोडी जास्तच हवा ठेवा, कमी करता येते. तुमची स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती लावून १२० ने पळायचं नाही. सिगारेट लायटरला लावायचा छोटा पंप मिळतो, तो घ्याच.

उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवा असं पंक्चरवाले सांगतात, ते अजिबात ऐकू नका. कमी हवेने टायर जास्त दबतो आणि त्यानेच तापतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो सकाळी गाडी थंड असताना भरा.

अजून एक, हिंजवडीत आपल्याला पुढच्या गाडीला चिकटून चालवायची सवय लागते, नाहीतर कुणीतरी मध्ये घुसतो. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. ती सवय वाकडलाच सोडून जा. पहाटे चारला निघा, बारा ते चार कुठेतरी सावलीत थांबा, दर दोन तासांनी खाली उतरा.

आजच डिकी उघडा आणि पाचही टायरचे चार-चार आकडे इथे टाका, मी बघून सांगते.